जुन्या सायकलच्या रिमवरचा गंज: कुठे घासायचं आणि कुठे थांबायचं

सगळ्यात आधी एक चुंबक घ्या. फ्रिजच्या दारावरचं असलं तरी चालेल. रिमला लावून बघा. चिकटलं तर रिम पोलादी, घसरून पडलं तर अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही, पांढरट भुकटी येते, आणि गंजावरची आम्लं लावली तर ती रिम उलट काळवंडते. तिला साबणाचं पाणी आणि थोडं पॉलिश पुरे. पुढचं सगळं पोलादी रिमसाठी आहे.

इंदुरात जिन्याखालून आणि माळ्यावरून ज्या सायकली निघतात त्या बहुतेक पोलादी रिमच्याच. परदेशीपुरा, मालवा मिल या कापडगिरण्यांच्या बाजूला एके काळी कामाची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही मागेपुढे गेल्या, आणि आजोबांची काळी जेंट्स सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. कुणाकडे आसनसोलची सेन-रॅले असते, कुणाकडे मद्रासच्या टीआय सायकल्सची हर्क्युलिस, कुणाकडे सोनीपतची अ‍ॅटलस. नावं निराळी असली तरी चाकं बहुधा सारखीच: २८ × १ १/२ इंच, पुढे ३२ तारा आणि मागे ४०. घरचे तिला 'बावीस इंची' म्हणत असतील तर ते माप फ्रेमचं आहे. टायर किंवा रिम घ्यायला गेलात तर अठ्ठावीसच सांगायचं.

या रिमची चमक क्रोमची असते. पोलादावर आधी निकेलचा थर आणि त्यावर क्रोमचा. क्रोमचा हा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. भेगांमधून ओल खाली उतरते, पोलाद गंजतं, गंजाला पोलादापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि वरचा मुलामा उचलतो. आधी तांबडे ठिपके दिसतात, मग खरखरीत पुरळ, मग पापुद्रे. ठिपके आणि पुरळ घरी बरे होतात. पापुद्रे सुटले असतील तिथला क्रोम गेलेलाच आहे आणि तो घरी परत चढवता येत नाही.

म्हणजे शिल्लक राहिलेला मुलामा जपत गंज काढायचा आहे. बऱ्याच व्हिडिओंत सुरुवातच आम्लाच्या टबाने होते, कारण फेस बघायला मजा येते. तुम्ही साध्या पाण्यापासून सुरू करा आणि काम झालं की तिथेच थांबा.

चाक ठेवण्यासारखं आहे का

घासायला बसण्याआधी टायर-ट्यूब काढून रिमच्या आतल्या खोबणीत बघा. बाहेरून रिम चकचकीत आणि आतून सडलेली, हे अगदी नेहमीचं आहे. ट्यूबखाली पाणी साचतं, आणि ट्यूब आणि रिम यांच्या मधली पट्टी (रिम टेप) कापडी असेल तर ती ओल धरून ठेवते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागी जोर देऊन दाबा. टोक आत गेलं किंवा पत्रा खपलीसारखा निघाला तर ही रिम संपली. निपलच्या (तार रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकांपासून निघालेल्या भेगा आणि रिमचा जोड हेही तपासा. जोडाशी गंजाची रेघ असेल तर दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी दाबून जोड हलतोय का ते बघा.

तारांचं नाजूक ठिकाण म्हणजे हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, त्या जिथे वळतात ती जागा. तिथे खड्डे पडले असतील किंवा तार बारीक झालेली दिसत असेल तर ती तार बदलायचीच. मधल्या सरळ भागावरच्या वरवरच्या गंजाने काही बिघडत नाही.

दुकानातला मिस्त्री बहुधा एवढंच म्हणेल, "नई डलवा लो भैया, घिसने में क्या रखा है." रिमला भोक पडलं असेल तर त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. काळ्या सायकली अजून बनतात, त्यामुळे ३२ आणि ४० भोकांच्या पोलादी रिमा सहज मिळतात आणि महागही नसतात. पण जुन्या रिमवर कंपनीचा छाप असेल, किंवा मधोमध काळा पट्टा आणि सोनेरी रेघ असेल, तर तसली रिम आज दुकानात मिळणार नाही. मजबूत असेल तोवर ती राखा.

सामान

सियागंजात एक चक्कर मारली की हार्डवेअरचं आणि किराण्याचं सगळं एकाच फेरीत होतं. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, चार शून्याची (0000, सगळ्यात बारीक) स्टील वूल म्हणजे पोलादी तारांची लोकर, पितळी तारेचा ब्रश, सायट्रिक अ‍ॅसिड, खाण्याचा सोडा, रबरी हातमोजे, चष्मा, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या, शिलाई मशीनचं तेल, गाड्यांना लावतात ते मेण. सायट्रिक अ‍ॅसिड किराणावाल्याकडे 'टाटरी' किंवा 'निंबू सत' म्हणून मागा, लगेच मिळतं. स्टील वूल मात्र बघून घ्या. भांड्यांची तारेची घासणी ही तिची जागा घेऊ शकत नाही. ती क्रोमवर चरे पाडते आणि पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक चऱ्यातून गंज डोकावतो. हिरवी घासणीसुद्धा क्रोमपासून लांबच ठेवा. पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावायचा पोलादी ब्रश या कामासाठी आणूच नका.

काम कुठे करायचं ते आधी ठरवा. आपल्याकडे ओसरीला, जिन्याला कोटा फरशी असते. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर आम्लाचा थेंब पडला की कायमचा फिका डाग. संगमरवराचंही तेच. अंगणात किंवा गच्चीवर जाड प्लास्टिक अंथरून बसा. नाहीतर रिम चमकेल आणि घरच्यांची बोलणी वर्षभर खावी लागतील.

चाक काढताना

उलगडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी आणि जवळून. एक्सलचे नट, वॉशर, मडगार्डच्या काड्या कोणत्या क्रमाने बसल्या आहेत हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. काढलेले वॉशर त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. पहिल्यांदा करत असाल तर पुढचं चाक घ्या, मागच्याला चेन आणि चेनकव्हरचं लचांड असतं.

नट हलत नसेल तर तेल सोडून रात्रभर राहू द्या आणि सकाळी नीट बसणारा पान्हा लावा. हवा सोडून टायरची कड रिमच्या खोबणीत ढकला म्हणजे टायर सैल पडतो, मग चमच्याच्या दांडीनेही निघतो. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर ट्यूबला पंक्चर आणि रिमला ओरखडा, दोन्ही होतं.

हब उघडायचा नसेल तर दोन्ही टोकांना ग्रीस भरून वर प्लास्टिक गुंडाळा आणि दोऱ्याने घट्ट बांधा. आम्लाचं पाणी आत छर्ऱ्यांपर्यंत गेलं की ग्रीस धुऊन निघतं, मग छर्रे आणि वाट्या गंजतात, आणि तो गंज बाहेरून कळत नाही. चाक फिरवल्यावर करकर ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता साबणाच्या कोमट पाण्याने चाक धुवा. आधी तेल-माती निघू द्या. माळव्याची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते आणि ओल सोडत नाही. ती निघाल्यावर जो गंज वाटत होता त्यातला बराचसा नुसता मळ होता हे दिसेल.

फॉइल आणि पाणी

नव्या माणसाला मी हाच उपाय आधी करायला सांगतो, आणि हलक्या गंजाला बहुतेकदा पुढे जावंच लागत नाही. फॉइलचा तळहाताएवढा तुकडा घ्या, चुरगळून सैलसर गोळी करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. थोड्या वेळात करडा-काळा चिखल तयार होईल. ते गंज आणि अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण आहे, ओल्या फडक्याने पुसून टाका. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असतं, त्यामुळे चांगल्या क्रोमवर चरा पडत नाही, आणि गंजाचा उंचवटा मात्र निघतो.

एका वेळी वीतभरच जागा घ्या. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून केली तर कुठवर आलो ते शोधावं लागत नाही. गोळी गुळगुळीत झाली की उलटा किंवा नवी घ्या. पाणी सुकू देऊ नका, कोरड्या फॉइलने घासण्यात अर्थ नाही. जोर लावावासा वाटला तर समजा की फॉइलचं काम संपलं आणि उरलेल्या गंजाला दुसरा उपाय हवा. काही जण पाण्याऐवजी कोला घेतात. त्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं, त्यामुळे किंचित फरक पडतो, पण नंतर साखरेचा चिकटा धुवावा लागतो आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या.

तारांच्या मधल्या अवघड जागांसाठी फॉइलची पट्टी करून ती बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी पुढे-मागे ओढा. निपलच्या भोवती कापसाच्या काडीवर फॉइल गुंडाळा. हे काम कंटाळवाणं आहे. एका चाकाला एक दुपार गेली तर वेळ योग्य लागला असं समजा.

फॉइलला न जुमानणाऱ्या पुरळावर चार शून्याची स्टील वूल आणा, पण नेहमी तेलासोबत. गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि रिमच्या गोलाईच्या दिशेने घासा, आडवं नको. नंतर सगळं पुसून चुंबक फिरवा. स्टील वूलचे बारीक कण मागे राहिले तर तेच गंजतात, आणि तुम्हाला वाटेल की रिम परत गंजली.

आम्ल कधी आणि कोणतं

फॉइल आणि वूलने न निघणारा जाड गंज, किंवा मुळात मुलामा नसलेलं पोलाद, एवढ्याच ठिकाणी आम्ल लावायचं. नव्या माणसाने सायट्रिकच घ्यावं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पुरे.

जोडलेलं चाक टबात बुडवायला जाल तर एक अडचण येते. हब रिमपेक्षा रुंद असतो, चाक आडवं ठेवलं की ते हबवर टेकतं आणि रिम पाण्याबाहेर तिरकी राहते. उभं ठेवून थोडं थोडं बुडवलं तर पाण्याच्या रेषेवर डाग उमटतो. म्हणून चिंध्यांची पद्धत बरी. सुती कापडाच्या पट्ट्या द्रावणात भिजवून फक्त गंजलेल्या जागी गुंडाळा आणि सुकू नयेत म्हणून वरून प्लास्टिक लावा. वीस मिनिटांनी उघडून पितळी ब्रशने हलकं घासा, पुसा आणि बघा. गरज असेल तर परत करा. रात्रभर ठेवून झोपायला जाऊ नका. मुलाम्याची कड जिथे उघडी असते तिथून आम्ल खाली शिरतं आणि चांगला भागही सुटू लागतो. काळ्या पट्ट्यावर किंवा सोनेरी रेघेवर पट्टी जाऊ देऊ नका, रंग फिका पडतो.

तारा सोडवून रिम मोकळी केली असेल तर मात्र बुडवता येते. विटांचा ७० सेंटीमीटरचा चौकोन मांडून त्यावर जाड प्लास्टिक पसरलं की उथळ हौद तयार. पाच सेंटीमीटर पाण्याला साधारण २५ लिटर लागतात, म्हणजे सव्वा किलो टाटरी. मधे एखादा प्लास्टिकचा टब वजन ठेवून पालथा घातला तर पाणी आणि टाटरी दोन्ही वाचतात. क्रोमची रिम असेल तर दर अर्ध्या तासाने काढून बघायची.

ऑक्झॅलिक आम्ल गंजावर जास्त चांगलं चालतं. संगमरवर पॉलिश करणारे ते वापरतात, त्यामुळे मिळतंही सहज. लिटरला २० ग्रॅम पुरतं. पण ते विषारी आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडावर घाव घालतं, आणि त्याची भुकटी नाकात जाता कामा नये. घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर या भानगडीत पडू नका. वापरायचंच असेल तर बोअरिंगचं जड पाणी घेऊ नका, नर्मदेचं नळाचं किंवा त्याहून बरं म्हणजे आरओचं घ्या. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी या आम्लाचा संयोग होऊन पांढरी साय बसते, आम्ल तिथेच खर्ची पडतं आणि रिमवर वेगळा थर जमतो.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड या कामाला कधीही नको. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते क्रोमलाच खातं. त्याच्या वाफेने आसपासची पक्कड, पान्हे, दाराच्या कड्या गंजतात. ताणलेल्या पोलादी तारा अशा आम्लाने ठिसूळ होऊन पुढे अचानक तुटू शकतात. ब्लीचिंगशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा घेऊन विजेने गंज काढण्याची एक पद्धत आहे. साध्या पोलादाला ती उत्तम, पण क्रोमच्या रिमला नको, मुलामा सुटतो. स्टेनलेस स्टीलचा तुकडा जोडला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. पहिल्याच चाकाला हे करण्याची काही गरज नाही.

तारा आणि निपल

तारांवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो, करडा आणि मंद. आम्ल गंजाआधी जस्त खातं, म्हणून तारांना आम्ल लावायचं नाही. घासलेटात भिजवलेलं फडकं चिमटीत धरून तार हबपासून निपलपर्यंत ओढत जा. फारच गंज असेल तर फडक्यात थोडी स्टील वूल घ्या. रिमवर जपून ठेवलेला नाजूकपणा इथे सोडला तरी चालतं, कारण ही चमक कुणी बघत नाही, बघायची असते ती मजबुती.

निपल बहुधा पितळी असतात, ते गंजत नाहीत. आतले आटे पोलादी तारेचे असतात, ते अडकतात. तार निपलमध्ये शिरते तिथे तेलाचा एक थेंब टाका, आतल्या खोबणीकडून निपलच्या डोक्यावर दुसरा, आणि रात्रभर ठेवा. मग नीट बसणारी निपल चावी घेऊन पाव फेरा फिरवून बघा, आणि हलला की होता तिथे परत आणा. टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तार ताणली जाते. निपलचे कोपरे झिजायला लागले तर लगेच थांबा. झिजलेला निपल चावीने निघत नाही, तार कापावी लागते.

चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, ही वेगळी विद्या आहे. गंज निघाल्यावर चाक मिस्त्रीकडे द्या आणि त्याच्या शेजारी बसून बघा. तो चाक फिरवून खडू धरतो, खडू टेकतो तिथल्या तारा शोधतो, एक बाजू सैल करून दुसरी आवळतो. अर्ध्या तासात जेवढं दिसतं तेवढं वाचून समजत नाही.

धुणं आणि वाळवणं

नव्या लोकांचं चाक बिघडतं ते बहुतेक इथे. घासून झालं, रिम झळकली, फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर नारिंगी झाक आली. ताजं उघडलेलं ओलं पोलाद तासाभरातसुद्धा गंजू लागतं.

आम्ल वापरलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा. मग बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने धुवा, आणि शेवटी साध्या पाण्याने. लगेच कोरड्या कापडाने पुसा. सळयांच्या ब्रेकच्या (वायरऐवजी लोखंडी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या) जुन्या सायकलींची रिम दोन्ही कडांना गोल वळवलेली असते आणि त्या कडा आतून पोकळ असतात. पाणी तिथे लपतं. चाक उभं धरून थोडं थोडं फिरवा आणि प्रत्येक वेळी जमिनीवर हलकं आपटा. भोकांतून, जोडातून पाणी ठिबकत राहील. ठिबकणं थांबलं की हेअर ड्रायर फिरवा किंवा कडक उन्हात टांगा, आणि तासाभराने परत आपटून बघा. बरेचदा आणखी चार थेंब निघतात.

म्हणून हे काम कधी करता यालाही महत्त्व आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजतं. इंदुरात श्रावण-भाद्रपदात हे काम काढलंत तर एकीकडे काढाल आणि दुसरीकडे चढेल. एप्रिल-मे सगळ्यात बरे, नाहीतर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस. दिवाळीच्या साफसफाईत सायकल माळ्यावरून उतरतेच, तेव्हाच हात घाला.

आता झाकायचं

रिमच्या बाहेरच्या दोन्ही अंगांना गाडीचं मेण लावा, वाळू द्या, मऊ कापडाने चमकवा, मग दुसरा हात. ज्या भेगांतून ओल शिरत होती त्या मेणाने बुजतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, एवढं पुरतं. खोबरेल तेल किंवा घासलेट पुसून ठेवायची जुनी सवय आहे, पण त्यावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते.

आतली खोबण टायरखाली झाकली जाते, तिथे चमक नको, रंग हवा. सुटा गंज पितळी ब्रशने काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात, तो वाळला की काळ्या इनॅमलचा एक. पूर्ण दिवस वाळू द्या. निपलच्या भोकांत रंग भरू नका, नाहीतर उद्या आउट काढताना मिस्त्री तुमच्या नावाने बोटं मोडेल. तिथला जुना रंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका, ओला करून घासा आणि मास्क लावा. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, तुमची सायकल तिच्या कितीतरी आधीची आहे. मग नवी रिम टेप लावा. जुनी सुती पट्टी कितीही चांगली दिसली तरी टाकून द्या.

क्रोम गेलेल्या उघड्या चट्ट्यांवर मेणाचे दोन हात जास्त द्या आणि त्यांच्याकडे बघणं सोडा. पुन्हा निकेल-क्रोम करणारे असतात, पण त्यासाठी सगळ्या तारा काढाव्या लागतात, जुना मुलामा उतरवावा लागतो, पॉलिशमध्ये कंपनीचा छाप पुसट होतो, आणि खर्च नव्या रिमच्या पुढे जातो. ठिपके राहिलेली मूळची रिम मला त्यापेक्षा जास्त आवडते.

ब्रेक

सळयांच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या बाजूला, खालून वर दाबतं. त्या पट्ट्यावर मेण, तेल, पॉलिश काहीही नको. चुकून लागलं असेल तर स्पिरिटने पुसा, नंतर साबणाने धुवा आणि लगेच वाळवा. जुनं रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, नखाने दाबून खळगा पडत नसेल तर बदला. सायकल आधी हाताने ढकलत ब्रेक दाबून बघा, मग गल्लीत सावकाश चालवून. एखादी पक्की गाठ असल्यासारखा झटका दर फेऱ्याला लागत असेल तर रिमला पोचा आहे किंवा जोड उंच झाला आहे, मिस्त्रीला दाखवा. पोलादी रिम ओली असताना ब्रेक खूप उशिरा धरतो. रिम कितीही चमकली तरी हे बदलत नाही, पावसात राजवाड्याच्या गर्दीत ती घेऊन शिरू नका.

उरलेलं पाणी आणि चिंध्या

वापरलेल्या सायट्रिकच्या पाण्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा. फसफसणं बंद झालं की आम्ल मेलं. मग भरपूर पाणी ओतत नाल्यात सोडा, कुंड्यांत आणि तुळशीत नको. ऑक्झॅलिकचं पाणी उघडं राहू देऊ नका, जनावर पिईल. तेलाच्या चिंध्या, स्टील वूल, रंगाचे डबे कचऱ्याच्या गाडीत घरगुती धोकादायक कचऱ्याच्या कप्प्यात जातात. ओल्या-सुक्यात मिसळलंत तर गाडीवाला तिथेच परत हातात देईल. तेलकट चिंध्या गोळा करून कोंबून ठेवू नका, पसरून वाळवून मग द्या. रंगाचं किंवा जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गठ्ठ्यात आपोआप तापून पेटू शकतात.

ठेवायचं कसं

चाक लावल्यावर सायकल थेट फरशीवर महिनोन् महिने उभी ठेवू नका. जमिनीची ओल खालच्या भागाला लागते आणि टायर एकाच जागी चेपतो. दोन हुक मारून टांगा, किंवा स्टँडवर घेऊन आठवड्यातून एकदा चाक थोडं फिरवून ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बांधून ठेवण्याची हौस टाळा, आत वाफ धरते. सुती चादर घाला. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, तर ती घरीच राहू द्या. ओला रंग तारांच्या मुळाशी आणि निपलच्या भोवती बसला की तो काढण्यात परत एक दुपार जाते.

पहिल्या पावसानंतर आठवडाभराने रिमवरून एकदा कोरडं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस रेघ आली तर त्या जागी ओली फॉइल फिरवा, पुसा आणि मेणाचा एक हात द्या. पाच मिनिटांचं काम आहे.